नकाशा फाटकापर्यंत यावा म्हणून

नमस्कार, श्रोतेहो. मी ठाण्यात राहणारा एक दृष्टिहीन नोकरदार आहे आणि कामासाठी ट्रान्स-हार्बर मार्गाने नवी मुंबईत ये-जा करतो. रस्ता दाखवणाऱ्या मोबाइल ॲप्सचा आम्हा अंध प्रवाशांना नेमका किती उपयोग होतो, त्यांच्यावर कुठवर विसंबावे आणि कुठे थांबून काठीचे ऐकावे, यावर मी आज बोलणार आहे. माझे बोलणे जितके अंध बांधवांसाठी आहे तितकेच डोळस श्रोत्यांसाठीही आहे, कारण या ॲप्समधले काही दोष तुम्हीच दूर करू शकता.

आम्ही फोन वापरतो तो ऐकून. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर असतात. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडते. गूगल मॅप्स आम्ही याच पद्धतीने चालवतो. लॅझरिलोसारखी खास आमच्यासाठी बनवलेली ॲप्सही आहेत; चालता चालता आजूबाजूची दुकाने, बँका, चौक यांची नावे ती सांगत राहतात.

माझ्या मते या ॲप्सचा सर्वांत मोठा लाभ पायी चालताना नव्हे, तर वाहनात बसल्यावर मिळतो. पूर्वी रिक्षात बसले की चालक नेईल तिकडे जायचे आणि तो उतरवेल तिथे उतरायचे, एवढेच हाती असे. आता रिक्षा कॅडबरी जंक्शन ओलांडून माजिवड्याकडे निघाली की फोन ते सांगतो, आणि ‘दादा, कापूरबावडीहून डावीकडे घ्या’ असे मी स्वतः म्हणू शकतो. थांब्यांची घोषणा न होणाऱ्या बसमध्येही हाच अनुभव येतो. आपला थांबा आला का, हे शेजाऱ्याला दर पाच मिनिटांनी विचारावे लागत नाही. स्वतःचा रस्ता स्वतःला ठाऊक असण्याने माणसाला जो आत्मविश्वास येतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

पायी चालू लागले की मात्र अडचणींना सुरुवात होते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. डोळस माणसाला पाच मीटर म्हणजे काहीच नव्हे. त्याला दुकानाची पाटी दिसते आणि तो वळतो. आम्हाला मात्र तेवढ्या अंतरात पदपथ की रस्ता, बँकेचे दार की शेजारच्या औषधाच्या दुकानाची पायरी, असा फरक पडू शकतो. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतात आणि ही चूक आणखी वाढते. उड्डाणपुलापाशी तर आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हेच ॲपला अनेकदा कळत नाही. शिवाय नकाशात दाखवलेला पदपथ प्रत्यक्षात मोकळा असेलच असे नाही. मेट्रो ४ च्या बांधकामाच्या काळात याच रस्त्यावर पत्र्यांची कुंपणे चालण्याच्या जागेत आलेली होती आणि कोणतेही ॲप त्यांची पूर्वसूचना देत नव्हते. ती कळली काठीला.

नवी मुंबईची गोष्ट थोडी निराळी आहे. शहर आखीव असल्यामुळे रस्ते सरळ आहेत, चौक ठरावीक अंतरावर येतात आणि मनात नकाशा बसवणे सोपे जाते. परंतु सेक्टरचे क्रमांक प्रत्येक उपनगरात पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १९ वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे आणि खारघरमध्येही आहे. आपण बोलून पत्ता शोधतो तेव्हा उपनगराचे नाव आधी घ्यावे आणि निकाल आल्यावर अंतर किती दाखवले आहे ते ऐकूनच मार्ग सुरू करावा. पंधरा मिनिटांच्या पायी वाटेला ॲप दहा किलोमीटर सांगू लागले, तर चूक तिथेच ध्यानात येते.

दुसरी अडचण स्थानकांची. वाशी, बेलापूर यांसारखी प्रशस्त स्थानके सिडकोने इमारतींच्या पोटात बांधली आहेत आणि त्या छताखाली जीपीएस पोहोचत नाही. बाहेर पडताच ॲप म्हणते, ‘ईशान्येकडे चाला.’ ईशान्य कुठे, हे मला कसे कळावे? यावर मी एक साधी युक्ती करतो. आधी मोकळ्या आकाशाखाली येऊन, रहदारीपासून दूर, भिंतीलगत थोडा वेळ थांबतो, म्हणजे फोनला आपली जागा नीट सापडते. मग काठीने अंदाज घेत एका दिशेने दहा-पंधरा पावले चालतो आणि उरलेले अंतर पुन्हा ऐकतो. तीनशे मीटरचे दोनशे नव्वद झाले तर दिशा बरोबर आहे; तीनशे दहा झाले तर मागे वळायचे. सकाळची वेळ असेल तर ऊन कोणत्या गालावर लागते, याचीही जोड देतो. फोनच्या कव्हरला लोहचुंबक असेल तर ते काढून टाकावे, कारण त्याने फोनमधले होकायंत्र बिघडते.

नव्याने काठी हाती घेतलेल्या तरुण मित्रांना माझे कळकळीचे सांगणे आहे की काठीने चालण्याचे रीतसर प्रशिक्षण आधी घ्या आणि ॲपकडे नंतर वळा. ॲप खड्डा सांगत नाही, उघडे गटार सांगत नाही, पदपथावर आडवी लावलेली दुचाकी सांगत नाही. इअरफोन एकाच कानात घाला, दुसरा कान रहदारीसाठी मोकळा ठेवा, आणि रस्ता ओलांडताना फोनचा आवाज पूर्ण बंद करा. गोखले रोडवर विजेवर चालणारी गाडी जवळ आल्याचा आवाज आधीच क्षीण असतो. त्यावर ‘शंभर मीटरवर उजवीकडे वळा’ हे वाक्य येऊन पडले, तर तोही हरवतो.

एकाच ॲपवर सगळा भार टाकू नये, हेही अनुभवाने सांगतो. मायक्रोसॉफ्टचे साउंडस्केप हे आयफोनवरचे ॲप २०१८ मध्ये आले. आपले ठिकाण ज्या दिशेला असेल त्या दिशेने कानात नाद ऐकू यावा, अशी त्याची सुंदर रचना होती. २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केले. त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केल्यामुळे व्हॉइसव्हिस्टासारखी ॲप्स पुढे आली, हे आपले भाग्य. कधी ॲप बंद पडत नाही, पण नव्या आवृत्तीत स्क्रीन रीडर नुसते ‘बटण, बटण’ म्हणत राहतो आणि कोणते बटण कशाचे, हे कळेनासे होते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. तेव्हा बटणाला नाव द्या, ही मागणी करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. ॲपच्या निर्मात्यांना लिहा, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा.

आता डोळस श्रोत्यांकडे वळतो. नकाशावर एखाद्या इमारतीची खूण बहुधा तिच्या मध्यावर असते, फाटकावर नसते. म्हणून ॲप ‘आपण पोहोचलात’ म्हणते तेव्हा मी पुष्कळदा कुंपणाच्या भिंतीसमोर उभा असतो आणि फाटक मागच्या गल्लीत असते. अशा वेळी जवळच्या वडापाववाल्याला किंवा सोसायटीच्या वॉचमनला विचारावे लागते, आणि ठाण्यातली माणसे मदतीला तत्पर असतात. दंड धरून ओढण्याऐवजी त्यांनी स्वतःची कोपर पुढे केली, तर मदत अधिक सुखाची होते.

परंतु ही विचारपूस कमी करणे तुमच्या हाती आहे. गूगल मॅप्समध्ये आपल्या सोसायटीचे, दवाखान्याचे किंवा दुकानाचे पान उघडून बदल सुचवता येतो. तिथे खूण सरकवून प्रवेशद्वारावर आणा. ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांनी मिळून भरायचा मोफत नकाशा आहे. त्यात प्रवेशद्वार, पायऱ्या आणि पायाला जाणवणारी उंचवट्याची फरशी यांचीही स्वतंत्र नोंद करता येते, आणि साउंडस्केपपासून निघालेली ॲप्स आपली माहिती याच नकाशातून घेतात. सोसायटीच्या चिटणीसांनी, दुकानदारांनी आणि सुट्टीतल्या महाविद्यालयीन मुलांनी या आठवड्यात आपापल्या गल्लीपासून हे काम सुरू करावे, अशी माझी विनंती आहे. नमस्कार.