वर्गणीतला खेळ

[दृश्य: पहाट. कपिलेश्वर पुलावरून दिसणारं ओलं शहापूर. खाली रेल्वेचे रूळ.]

१६ जून २०१५, मंगळवार. बेळगावात मिरगाचा पाऊस लागून राहिलेला. लॉस एंजेलिसमध्ये मात्र अजून सोमवारची संध्याकाळच होती. तिथं सोनीच्या मंचावर पंचावन्नेक वर्षांचा एक जपानी माणूस आला आणि शहापुरातल्या एका माळ्यावर मोबाइलवर हे बघणारा एक जण इतक्या जोरात ओरडला, की खालून आईनं विचारलं, "काय रे, विंचू चावला काय?"

मंचावरचा माणूस म्हणजे यू सुझुकी. 'हँग-ऑन', 'आउट रन', 'व्हर्च्युआ फायटर' हे सेगा कंपनीचे व्हिडिओ गेम त्याचेच. पण ओरडायला लावणारं नाव वेगळं होतं: 'शेनम्यू'चा तिसरा भाग. दुसरा आला होता २००१ साली, आणि गोष्ट चीनमधल्या एका गुहेत अर्धवट सोडून संपला होता. तेव्हापासून चौदा वर्षं नायक त्या गुहेतच उभा.

[दृश्य: उद्यमबाग. कारखान्याच्या आवारात फोर्कलिफ्ट वळते.]

ओरडणारा माणूस हा. आज त्याची चाळिशी उलटलीय, उद्यमबागेत फोर्कलिफ्ट चालवतो. 'शेनम्यू' माहीत असलेल्यांना इथं हसू येईल, कारण त्या खेळाचा नायक रियो हाझुकीही बंदरावर फोर्कलिफ्टच चालवतो. बापाचा खून झालाय, मारेकरी चीनला पळालाय, आणि पोरगं त्याला शोधायचं सोडून दिवसभर खोकी उचलतंय. दुसऱ्या कुठल्या खेळानं हे धाडस केलं नसतं. रियोच्या योकोसुका शहरात दुकानं ठरल्या वेळी उघडतात, माणसं संध्याकाळी घरी जातात, वाट बघायची तर खरंच वाट बघावी लागते. कंटाळा येतो. मग त्या कंटाळ्याचीच गोडी लागते.

आमच्या गड्यानं पहिले दोन भाग खेळले ते कॉपी केलेल्या सीडीवरून, खडेबाजारात घेतलेल्या. ते तो लपवत नाही. "चोरून खेळलो की. म्हणून तिसऱ्याला पैसे भरले. पाप फेडलं." २९ डॉलर. तेव्हाच्या दरानं अठराशेच्या वर रुपये, भावाच्या कार्डावरून.

सुझुकींनी पैसे मागितले ते किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर. गणपतीची वर्गणी ज्यानं गोळा केलीय त्याला हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच, की ठरलेला आकडा गाठला नाही तर इथं कुणाच्याच कार्डाला हात लागत नाही. आकडा होता २० लाख डॉलर. तो नऊ तासांच्या आत पार झाला. गर्दीनं वेबसाइट कोलमडली. महिन्याभरानं मोजदाद झाली तेव्हा ६९,३२० लोकांनी मिळून ६३ लाखांहून जास्त डॉलर टाकले होते.

[दृश्य: शहापूर. चहाच्या गाड्यावर तिघं. बोर्ड कन्नड, गप्पा मराठी.]

आता भांडणाकडे येऊ. ते ह्या गाड्यावर कित्येक वर्षं चाललंय.

दुसरा गडी एका मंडळाचा खजिनदार. त्यानंही २०१५ ला पैसे भरले होते. त्याची पहिली तक्रार खेळ यायच्या आधीचीच आहे. खेळाच्या निर्मितीत सोनीचाही हात आहे, हे पैसे गोळा होत असतानाच बाहेर आलं. "म्हणजे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं, आणि मागं सावकार उभा. मग आमचे अठराशे कशाला?" सुझुकींच्या बाजूनं उत्तर होतं: लोकांना हा खेळ खरंच हवाय हे दाखवायला. पहिल्या 'शेनम्यू'वर सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाल्याचं सुझुकींनी स्वतः सांगितलंय. त्यापुढं ६३ लाख म्हणजे मंडपाचं भाडं.

मग तारखा. आधी डिसेंबर २०१७. मग २०१८. मग ऑगस्ट २०१९. शेवटी १९ नोव्हेंबर २०१९. यावर गाड्यावर फार कुणी चिडलेलं दिसलं नाही. चौदा वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी दोन काय.

खरी ठिणगी पडली जून २०१९ मध्ये. पीसीवरचा खेळ स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळेल असं धरून लोकांनी पैसे भरले होते. खेळ तोंडावर आला तेव्हा जाहीर झालं, की पीसीवर तो पहिलं वर्षभर फक्त एपिक गेम्स स्टोअर ह्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळेल. कारण सांगितलं ते खेळ ज्यावर बांधलाय त्या एपिकच्या अनरिअल इंजिन ह्या सॉफ्टवेअरचं, आणि एपिकच्या मदतीचं. खजिनदाराच्या भाषेत ऐका: "वर्गणी आमच्या गल्लीच्या नावानं गोळा केली, आणि मूर्ती बसवली शेजारच्या गल्लीत. वर, पुढच्या वर्षी इकडं आणू म्हणाले."

ह्याहून नेमकं मला सांगता येणार नाही. फुकटचं आणखी एक अकाउंट काढण्यात कष्ट कसले, असं बाहेरचा माणूस म्हणतो. त्याला दुखणं कळलेलं नसतं. मूर्ती तीच, पण पावतीवर गल्लीचं नाव लिहिलेलं होतं. जुलैत पर्याय आले: वर्षानं स्टीमची प्रत घ्या, नाहीतर पैसे परत न्या. हे जूनमध्येच, त्याच घोषणेबरोबर सांगितलं असतं तर गाड्यावरचे अर्धे चहा वाचले असते. सुझुकी चुकले असतील तर इथं चुकले, असं माझं मत. खेळ बनवणारा माणूस पैसे देणाऱ्यांशी बोलायला उशीर करतो, तेव्हा त्याची बाजू दुसरेच कुणी मांडतात, आणि वाईट मांडतात.

[दृश्य: खानापूर रस्ता. पावसातली बस.]

तिसरी, खानापूरकडची शिक्षिका. तिनं एक पैसाही भरला नव्हता. २०१८ मध्ये सेगानं पहिले दोन भाग नव्यानं आणले, तेव्हा ती ह्यात पडली. खजिनदार तिला म्हणतो, तुम्ही वर्गणी दिली नाही, तुम्ही बोलू नका. ती म्हणते, आरतीला यायला पावती लागते काय?

तिचं दुखणं खेळातच आहे. तिसऱ्या भागात पळलं की दम जातो, तो भरायला खावं लागतं, खायला पैसे लागतात, पैशासाठी लाकडं फोडा, वनस्पती गोळा करा. "गोष्ट कुठाय?" गोष्ट शेवटी येते. रियो मारेकऱ्यासमोर उभा राहतो, हरतो, आणि खेळ चीनच्या भिंतीवर संपतो. पुन्हा अर्धवट. सुझुकींच्याच म्हणण्यानुसार सगळी गोष्ट अजून ४० टक्क्यांच्या आसपासच आलीय.

यावर मात्र मी सुझुकींच्या बाजूचा. तिसऱ्यात सगळं आटपतो असं वचन त्यांनी दिलं नव्हतं. लोकांनी मागितला होता 'शेनम्यू', आणि मिळाला तो 'शेनम्यू'च: हट्टी, संथ, जुन्या वळणाचा. खजिनदारालाही हे मान्य आहे, फक्त शिक्षिकेसमोर नाही.

[दृश्य: रात्र. माळा. पडद्याचा निळा उजेड.]

आमच्या गड्यानं पैसे परत घेतले नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये खेळ स्टीमवर आला. पाळी संपवून, जेवून तो माळ्यावर गेला, आणि खेळात पुढं निआओवू शहर लागलं तिथं परत फोर्कलिफ्टवर बसला.

"दिवसभर तेच चालवतोस, घरी येऊन परत तेच?"

"ही मागच्या चाकांनी वळते," तो सांगतो. "कारखान्यात शिकायला दोन आठवडे गेले. हिथं दोन रात्री."

चौथ्या भागासाठी सुझुकींनी पुन्हा हात पसरला तर? खजिनदार आधी जमाखर्च मागणार आहे, फळ्यावर लावलेला, सहीनिशी. शिक्षिका म्हणते, ह्या वेळी मीही भरीन, म्हणजे ह्याचं तोंड तरी बंद होईल.

फोर्कलिफ्टवाला काही बोलत नाही. भावाचं कार्ड आता चालत नाही. त्यानं स्वतःचं काढलंय.