भांडेवाडीचं पाणी, कोराडीचं धुकं

हा तपकिरी फेस बघा. बघून वाटतं काहीतरी बिघडलंय, पण नाही, प्लांट जोरात चालू आहे. नागपूरच्या पूर्वेला, कचरा डेपोच्या शेजारी, हे भांडेवाडीचं एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. आपल्या मोरीतलं, संडासातलं पाणी इथे येतं.

आधी जाळी. प्लास्टिक, केस, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, सगळं इथे अडकतं, आपण काय काय फ्लश करतो ते इथे उभं राहून बघावं एकदा. मग वाळू खाली बसवतात, आणि मग हा टँक. खालून ब्लोअर हवा सोडतो, ते बुडबुडे म्हणजे जिवाणूंचा श्वास समजा, हवा मिळाली की ते घाण खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून जड होतात आणि गाळ बनून तळाशी जातात, वर राहतं ते पाणी. खरं काम हे फुकटचे मजूर करतात, पण त्यांना हवा पुरवायला जी वीज लागते ना, तीच अशा प्लांटचा मोठा खर्च. बिल थकलं किंवा ब्लोअर बंद पडला की जिवाणू गुदमरणार.

आता ही बाटली. बीओडी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते बघायचं. 27 अंशाला 3 दिवस बंद ठेवायची आणि किती ऑक्सिजन संपला ते मोजायचं. एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, 2019 मध्ये सांगितलं की हा आकडा लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत हवा. गंमत म्हणजे उत्तर येईपर्यंत ते पाणी कधीच पुढे गेलेलं असतं!

कुठे, तर पाइपलाइनने कोराडीला, वीज केंद्रात. 660 मेगावॅटचे 3 संच थंड करायला रोज 130 एमएलडी, म्हणजे 13 कोटी लिटर पाण्याची ही योजना. तेवढं पेंच धरणाचं पाणी पिण्यासाठी वाचतं. आमच्या मते प्लांट चांगला की वाईट हे नुसत्या बाटलीवरून ठरवू नये, बाहेर पडलेलं पाणी कुणाच्या कामी येतं तेही बघावं, आणि त्यात नागपूर पास आहे.

जे सांडपाणी प्लांटपर्यंत पोचतच नाही ते नागनदीतून कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्द धरणात जातं, काठच्या गावांची ही तक्रार जुनीच आहे.

आणि हे कोराडीचे कूलिंग टॉवर, सकाळी सहाला. वर जी पांढरी वाफ दिसतेय ती काही दिवसांपूर्वी नागपुरात कुणाच्या तरी आंघोळीचं पाणी होती.