पोल रोजे, तोंदोनिया, ग्रॅहम्स: तीन घराण्यांच्या तीन बाटल्या

(न्हावा-शेवा, कंटेनरच्या रांगा)
युरोपातून जहाजाने निघालेली वाइन आपल्याकडे उतरते ती इथे. साधा कंटेनर मे महिन्याच्या उन्हात चार दिवस अडकला, तर आतली वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं, फळाचा ताजेपणा जातो आणि शिजल्यासारखी चव उरते.

(ठाणे, दुकानातलं कपाट)
म्हणून लेबल वाचण्याआधी बाटलीची मान बघा. बूच काठाच्या वर आलंय? वेष्टणाखाली चिकट ओघळ आहे? शेजारच्या बाटल्यांपेक्षा हिची पातळी खाली आहे? मग ती परत ठेवा. ट्यूबलाइटखाली महिनोन् महिने उभी असलेली शॅम्पेनही नको.

(तीन बाटल्या, टेबलावर)
आमच्या तिन्ही शिफारशी आजही कुटुंबाच्याच हातात असलेल्या घराण्यांच्या आहेत. ही माणसं थांबायला तयार असतात, आणि वाइनमध्ये ते लगेच कळतं.

(बुडबुड्यांचा क्लोज-अप)
पहिली शॅम्पेन: पोल रोजे, ब्रुट (म्हणजे गोड नसलेली) रिझर्व्ह. गाव फ्रान्समधलं एपर्ने, स्थापना 1849. पिनो न्वार, मनिए आणि शार्दोने, तिन्ही द्राक्षं साधारण सारख्या प्रमाणात. आधी साधी वाइन तयार होते. मग लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीत बंद करतात. यीस्ट साखर खातं, तयार झालेल्या वायूला बाहेर वाट मिळत नाही, तो वाइनमध्येच विरघळतो. दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, गाडीच्या टायरच्या जवळपास तिप्पट. मेलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन मुरते. भाजलेल्या पावासारखा वास येतो तो त्यातूनच. कायद्याने 15 महिने पुरतात, पण हे घराणं त्याहून बरंच जास्त थांबतं. शेवटी बाटल्या तिरक्या लावून थोड्या थोड्या फिरवतात आणि गाळ मानेशी आणतात. बहुतेकांनी या कामाला यंत्रं लावली, इथे ते अजून हातानेच चालतं. तळघर 33 मीटरपर्यंत खोल, तापमान 9 अंशांच्या आसपास. 1900 मध्ये तळघरांचा काही भाग कोसळला आणि 15 लाख बाटल्या गेल्या.

(बाटली उघडताना हात)
फ्रिजमध्ये तीन तास, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास. नुसता बर्फ नको, पाण्याशिवाय बाटलीला गारवा नीट लागत नाही. तार सोडल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि फिरवायची ती बाटली. गरम बाटली निम्मी टेबलावर सांडते.
सोबत रव्यात घोळवून तळलेले बोंबील. तेलकटपणा आंबटपणाने कापला जातो, याहून चांगली जोडी आम्हाला सुचत नाही.

(लाल वाइन ग्लासात, पांढऱ्या कागदासमोर)
दुसरी स्पेनच्या रिओहा भागातली लाल वाइन, लोपेस दे एरेदिया यांची विन्या तोंदोनिया रिझर्व्हा. घराणं 1877 चं, गाव आरो. मुख्य द्राक्ष तेंप्रानियो. ओकच्या पिंपात सहा वर्षं, आणि पिंपंही घरच्याच कारखान्यातली. वर्षातून दोनदा वाइन दुसऱ्या पिंपात काढतात, गाळ मागे राहतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकाने ती नितळ करतात. बलक तुरट टॅनिनला धरून खाली बसतो. कडेला दिसणारी विटकरी झाक वयाची आहे, वाइन बिघडलेली नाही.
'रूम टेम्परेचर'ला द्या, हा सल्ला ठाण्यात विसरा. खोली 30 अंशांवर असते, वाइन हवी 16-17 ला. आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. झणझणीत आगरी मटणासोबत मात्र नको, टॅनिन आणि अल्कोहोलमुळे तिखट आणखी भडकतं. कमी तिखटाचे मटण चॉप्स उत्तम.

(तांबूस पोर्ट, छोटा ग्लास)
तिसरी ग्रॅहम्स, दहा वर्षांची टॉनी, म्हणजे पिंपात मुरून तांबूस झालेली पोर्ट. नाव 1820 पासूनचं, 1970 पासून सिमिंग्टन कुटुंबाकडे. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातल्या द्राक्षांचा रस आंबू लागला की दोन-तीन दिवसांतच चार भागांना एक भाग, 77 टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट मिसळतात. यीस्ट मरतं, द्राक्षाची साखर शिल्लक राहते. मग लाकडी पिंपात हवा लागत लागत लाल रंग तांबूस होतो, अक्रोड आणि सुक्या अंजिराची चव येते. त्यामुळे स्वस्त गोड 'पोर्ट'वरून हिचा अंदाज बांधू नका.
थोडी गार, 60 मिली, काजूकतली किंवा अक्रोडासोबत. अल्कोहोल 20 टक्के आहे. घेतल्यावर गाडी चालवायची नाही.
उघडलेली टॉनी फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते, कारण हवेची तिला आधीच सवय असते. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरलेली आणि तळाशी गाळ साचलेली, आणलीत तर गणित उलटं: आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा, गाळून ओता आणि दोन दिवसांत संपवा.