एकच बफर, दहा लाख ओळी

काळ्या चौकटीत सुरू असलेला हा प्रोग्राम दहा लाख ओळींची लॉग फाइल वाचतो आहे. काम साधे आहे: ओळ घ्यायची, तीत एक शब्द शोधायचा, सापडला तर ओळ छापायची आणि पुढची घ्यायची.

आता पडद्यावर आलेला फ्लेम ग्राफ पाहावा. यातील पट्टी जितकी रुंद, तितका प्रोसेसरचा वेळ त्या फंक्शनमध्ये गेलेला असतो. शब्द शोधणाऱ्या फंक्शनची पट्टी कडेला अंग चोरून उभी आहे. मेमरी मागणारे मॅलॉक आणि ती परत करणारे फ्री या फंक्शन्सनी मात्र मधली जागा व्यापली आहे. शोधाचा अल्गोरिदम बदलण्याचा मोह बहुतेकांना नेमका इथेच होतो, आणि त्यात दिवस जातात.

खरे कारण लूपमध्ये आहे. प्रत्येक फेरीत ओळीसाठी नवी स्ट्रिंग तयार होते आणि फेरी संपताच सोडून दिली जाते, म्हणजे दहा लाख ओळींसाठी मेमरी जवळपास दहा लाख वेळा मागितली जाते व तितक्याच वेळा परत केली जाते. रस्ट भाषेतील 'लाइन्स' ही सोयीची पद्धत हेच करते. कर्सर आता जिथे थांबला आहे, तिथे बफरची, म्हणजे ओळ तात्पुरती ठेवण्याच्या जागेची, घोषणा लूपच्या बाहेर नेली आहे. आत आधी 'क्लिअर' आणि मग 'रीड_लाइन' आहे. क्लिअरने लांबी शून्य होते, पण घेतलेली जागा हाताशी राहते. ते लिहायचे विसरले, तर नवी ओळ जुन्या मजकुराच्या मागे जोडली जाते. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या २००८ च्या पॉझिक्स मानकात आलेले सी भाषेतील 'गेटलाइन' हाच करार पाळते: बफर आपण द्यायचा, आणि ओळ त्यात मावली नाही तरच तो वाढवला जातो. गो भाषेत २०१४ मधील १.३ आवृत्तीपासून वापरून झालेले बफर पुन्हा वापरासाठी ठेवणारा 'सिंक.पूल' आहे.

पुढच्या चित्रात मेमरीची पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, दिसतात. कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडून, आलेले नवे पान, बहुतेक संगणकांवर ४,०९६ बाइटचे, शून्यांनी भरून मिळते आणि त्याला पहिला स्पर्श होताच सहसा पेज फॉल्ट घडतो, म्हणजे काम थांबवून कर्नलला मध्ये यावे लागते. नुकताच वापरलेला छोटा बफर मात्र बहुधा प्रोसेसरच्या कॅशमध्येच, म्हणजे त्याच्या जवळच्या वेगवान मेमरीत, असतो.

एखादी अवाढव्य ओळ आली तर बफर नंतरही तेवढाच मोठा राहतो, आणि सी किंवा गोमध्ये त्याचा पत्ता जपून ठेवणाऱ्या कोडला पुढच्या फेरीत भलताच मजकूर दिसतो, हेही नोंदवायला हवे.

डावीकडे जुना आलेख आहे, उजवीकडे नवा. फाइल तीच आहे. उजवीकडे मॅलॉकची पट्टी शोधण्यासाठी चित्र मोठे करावे लागते.