चेपलेला आवाज

[दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड. यंत्रमागाची शेड, धोटा इकडून तिकडे. शेडचा मूळ आवाज पंधरा सेकंद, त्यावर निवेदन नाही.]

धोट्याचे माग चालू असलेल्या शेडमध्ये मीटर धरला की आकडा ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास जातो. इथं माणसं शब्दांपेक्षा खुणांनीच जास्त बोलतात. ताणा तुटला तर बोट वर, कांडी संपली तर हात आडवा.

[दृश्य: तीच शेड, माग बंद. लोखंडी जिना.]

आज आठवड्याची सुट्टी. शेडच्या माळ्यावरची खोली फक्त याच दिवशी उघडते, कारण खाली माग चालू असताना वर काही ऐकण्यात अर्थ नसतो. दहा बाय चौदाची खोली, खाली शहाबादी फरशी, भिंतींना ऑइल पेंट. पाच जण जमलेत. एक स्पीकर दुरुस्त करणारे अण्णा, एक लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणारा, एक मागांची जुळणी-दुरुस्ती बघणारा जॉबर आणि दोन इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी मराठी. पाचही जण मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचे चाहते, आणि वाद त्यांच्याच एका अल्बमवर आहे.

[दृश्य: सीडीचं कव्हर. मधोमध पांढरी शवपेटी, भोवती चुंबकीय रेषा.]

'डेथ मॅग्नेटिक', १२ सप्टेंबर २००८. निर्माता रिक रुबिन. दहा गाणी, ७४ मिनिटांच्या वर. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये गिटारचे सोलो नव्हते, ते इथं परत आले. चाहते पाच वर्षं ज्याची वाट बघत होते, ते बरंचसं या अल्बमात आहे. म्हणून तर त्यातल्या उणिवा इतक्या लागतात.

विद्यार्थ्यांपैकी एकाचं म्हणणं सरळ आहे. गाणी लांबलीत. दहापैकी नऊ सहा मिनिटांच्या पुढची, त्यातली सात तर सात मिनिटांच्याही पुढे. दहा मिनिटांना टेकणारी वाद्यरचना निम्मी केली तरी बिघडणार नाही, असं तो म्हणतो. जॉबरला हे पटत नाही. 'द अनफर्गिव्हन' या जुन्या गाण्याचा तिसरा भाग करायची गरज नव्हती, एवढीच त्याची तक्रार. बासवाल्याचं दुखणं जुनं. १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये जेसन न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही आणि २०१८ मध्ये तो अल्बम पुन्हा मास्टर झाला, म्हणजे त्यावर शेवटचा हात पुन्हा फिरला, तेव्हाही मिक्स, म्हणजे वाद्यांचं आपसातलं प्रमाण, तसंच ठेवलं गेलं. 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये बासवर रॉबर्ट ट्रुहियो आहे, तरी बास पुन्हा दबलेला, असं त्याला वाटतं.

ही मतं आहेत आणि ती मतंच राहतील. अण्णांचा मुद्दा मात्र मोजता येतो. ते म्हणतात, या सीडीवर आवाज फाटलाय.

"अण्णा, तुमचा स्पीकर फाटका असंल की," विद्यार्थी म्हणतो.

"मग आधी स्पीकरच बघू," अण्णा म्हणतात. आजची दुपार इथून सुरू होते.

[दृश्य: जवळून, अण्णांचे हात. आठ इंची वूफर, दीड व्होल्टचा सेल, दोन तारा.]

वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा स्पीकर. त्याच्या अधिक खुणेच्या टोकाला सेलचं अधिक टोक, उणेला उणे, आणि स्पर्श फक्त क्षणभर. कोन, म्हणजे स्पीकरचा शंकूसारखा पडदा, बाहेर आला तर जोडणी बरोबर. आत गेला तर तारा उलट्या. दोनपैकी एकच स्पीकर उलटा जोडलेला असला, तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खालचे स्वर हवेतच एकमेकांना मारतात. ऐकणाऱ्याला वाटतं, अल्बममध्ये बास नाही. दुरुस्तीला येणाऱ्या जोड्यांमध्ये ही चूक नेहमी सापडते. मग अण्णा कोनवर दोन्ही अंगठे ठेवून तो हळूच आत दाबतात. आतलं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, घासत असेल तर इथंच खरखर लागते. आज लागत नाही. दोन्ही स्पीकर साफ.

आता खोली. बासवाला मधोमध उभा राहून एक टाळी वाजवतो.

[मूळ आवाज: टाळी, मागोमाग खणखणीत झणझण.]

टाळीमागची ही झणझण समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींची आहे. ती राहिली तर झांजेची किणकिण आणि फाटलेल्या आवाजाची करकर वेगळी काढता येत नाही. उपाय खालच्याच शेडमध्ये तयार होतो.

[दृश्य: चादरी उलगडल्या जातात. जेकार्डची नक्षी, काठ, झालर.]

भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर. जाड सुती सूत, घट्ट वीण. इथं ती भिंतीला चिकटवून लावायची नाही, हीच खुबी. एक हजार हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ३४ सेंटिमीटर आणि भिंतीपासून तिच्या पाव अंतरावर, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरवर, हवेची हालचाल सगळ्यात जास्त असते. कापड तिथं असलं तरच ते आवाज खातं. म्हणून छताच्या हुकांना काठी बांधून चादर दुहेरी टांगली आहे, भिंतीपासून चार बोटं पुढे. चार चादरी बाजूच्या भिंतींना, दोन पाठीमागे. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, तिची लाट आठ मीटरच्या पुढची. तिला चादर अडवू शकत नाही. म्हणून स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढलेत, नाहीतर कोपरा खालचा स्वर फुगवतो.

[मूळ आवाज: पुन्हा टाळी. कोरडी, तुटक.]

आता लॅपटॉप. सीडीवरून गाणं वेव्ह फाइलमध्ये घेतलंय, एमपीथ्रीत नाही. एमपीथ्री करताना लाटेची टोकं बदलतात, मग दोष सीडीचा की फाइलचा, हे सांगता येत नाही. लॅपटॉपमधलं 'साउंड एन्हान्समेंट' बंद, इक्वलायझर बंद, ब्लूटूथ नाही, साधी तार. गाणं 'द डे दॅट नेव्हर कम्स'. सुरुवात शांत गिटारची, पुढे सगळी वाद्यं तुटून पडतात. ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडून त्यात दोन फाइल एकाखाली एक लावल्यात.

[दृश्य: पडदा. वर एक भरीव निळी पट्टी. खाली काटेरी, कमी-जास्त उंचीची लाट.]

वरची फाइल सीडीची. खालची त्याच गाण्याची, 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली. त्या गेममध्ये खेळणाऱ्याचा सूर चुकला की गिटार गप्प होते, त्यासाठी प्रत्येक वाद्य वेगळं द्यावं लागतं. त्यामुळे गेमकडे गेलेली वाद्यं शेवटच्या चेपणीतून, म्हणजे उंच ठोके दाबून सगळं गाणं मोठं करण्याच्या टप्प्यातून, गेलीच नाहीत. अल्बम आला त्याच दिवशी तो गेमसाठीही आला आणि चाहत्यांच्या हाती एकाच वादनाच्या दोन प्रती पडल्या. फरक तिथूनच उघडा पडला.

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. प्रत्येक नोंदीची वरची मर्यादा ३२,७६७. त्यावर जागाच नाही. मोठं ऐकू यावं म्हणून लिमिटर वापरतात. तो ड्रमचा उंच ठोका खाली दाबतो, मग सगळंच गाणं वर उचलता येतं. थोडं दाबलं तर कळतही नाही. जास्त दाबलं, किंवा दाबूनही वर ढकललं, तर लाटेची टोकं कापली जातात.

[दृश्य: पडदा, जवळून. लाट मोठी होत जाते, शेवटी सुटे ठिपके दिसतात.]

हे ठिपके बघा. स्नेअर ड्रमचा ठोका. लाट चढते, आणि माथ्यावर ठिपके एका ओळीत, मेजासारखे सपाट. खालच्या फाइलमध्ये याच ठोक्याला टोक आहे.

सपाट माथा म्हणजे नुसता गमावलेला ठोका नव्हे. एक हजार हर्ट्झचा स्वर वरून-खालून सारखा कापला की तीन हजार आणि पाच हजारचे स्वर त्यातून नव्यानं जन्मतात. ते कुणी वाजवलेले नसतात. गिटारचं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, गिटारपुरतं असतं. हे ड्रम, गाणाऱ्याचा गळा, झांज, सगळ्यांवर एकदम चढतं. अण्णा ज्याला फाटलेला म्हणतात तो आवाज हाच.

इथं एक फसगत होते. ऑडॅसिटीत 'शो क्लिपिंग' चालू केलं की कापलेल्या जागी लाल रेघ येते, पण ती फक्त कमाल आकड्याला टेकलेल्या नोंदींसाठी. माथा आधीच कापला असेल आणि नंतर आवाज जरासा खाली घेतला असेल, तर लाल रेघ येत नाही. म्हणून रेघेवर विसंबायचं नाही, ठिपके दिसेपर्यंत मोठं करून डोळ्यांनीच बघायचं.

विद्यार्थी अजून हटत नाही. "चित्र बघून काय ठरतं? ऐकायला सीडीच भारी वाटालीय की."

त्याला खरंच तसं वाटतं आणि त्याला कारण आहे. आवाज लहान असताना कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. त्यामुळे तेच गाणं थोडं मोठं लावलं तर भरलेलं वाटतं. अर्धा-एक डेसिबलचा फरक मोठेपणा म्हणून जाणवतही नाही, 'हे चांगलं' म्हणून जाणवतो. इथं तर सीडी कितीतरी मोठी आहे. तेव्हा तुलना करायची तर दोन्ही आवाज आधी समान पातळीवर आणायला हवेत.

[दृश्य: 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'ची चौकट, आकडा उणे २३. ओके.]

दोन्ही फाइल उणे २३ लफ्सवर. लफ्स हे कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक. निळी पट्टी आक्रसून बारीक झाली, पण तिचे माथे सपाटच राहिले. आवाज खाली घेतल्यानं कापलेलं परत येत नाही. दुरुस्तीसाठी 'क्लिप फिक्स' आहे. फाइल आधी नऊ-दहा डेसिबल खाली घेऊन जागा करायची, मग तो शेजारच्या नोंदींवरून माथा कसा असेल याचा अंदाज बांधतो. चार-दोन नोंदी गेल्या असतील तिथं चालतं. इथं ठोक्यामागून ठोका गेलाय.

[दृश्य: पंखा बंद होतो. नाणं हवेत.]

जॉबर पडद्यामागे बसतो. नाणं उडवतो. छापा आला तर एक फाइल, काटा आला तर दुसरी. तीस सेकंदांचा तुकडा, ऐकणाऱ्याची पाठ लॅपटॉपकडे, कुठली फाइल वाजली ते त्यानं ओळखायचं. सोळा खेपा. नुसत्या अंदाजानं सोळात बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात चारहूनही कमी, म्हणून बारा ही रेघ. आठ खेपांनंतर दहा मिनिटं थांबायचं. कान थकला की सगळंच सारखं वाटायला लागतं, आणि चेपलेला आवाज कानाला लवकर थकवतो.

[दृश्य: डोळे मिटलेले चेहरे, एकामागून एक. कपाळावर घाम. मूळ आवाज पूर्ण.]

अण्णा बाराच्या पुढे. बासवाला बाराच्या पुढे. विद्यार्थ्याची खूण नऊवर थांबली. तो कागद दोनदा तपासतो, आणि पुन्हा बसू का, असं विचारतो.

[दृश्य: कागदावरच्या खुणा, पेन्सिलीनं.]

हे कुठं बिघडलं, याचं उत्तर २००८ मध्येच मिळालं होतं. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला कळवलं होतं की मिक्स त्यांच्याकडे आलं तेव्हाच चेपलेलं होतं. म्हणजे शेवटच्या टेबलावर हे सुधारता येण्यासारखं नव्हतं. मूळ मिक्सवरूनच पुन्हा करा, या मागणीवर दहा हजारांहून जास्त चाहत्यांनी सह्या केल्या. याच अल्बमातल्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, त्याच वर्षी रुबिन यांनाही मिळालं. २०१५ मध्ये डाउनलोडसाठी कमी चेपलेली आवृत्ती आली. दुकानातली सीडी तीच राहिली.

"अण्णा, स्पीकर चांगला आहे," विद्यार्थी म्हणतो. अण्णा फक्त सेल खिशात ठेवतात.

[दृश्य: पुन्हा खालची शेड, कामाचा दिवस. मागावर उभा जॉबर, कानात कापसाचा बोळा.]

भारतातल्या कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे. कापसाच्या बोळ्यानं आवाज फारसा अडत नाही. फोमचा प्लग लागतो, आणि तो आत बसवताना कान वर-मागे ओढून धरावा लागतो.

[दृश्य: माळा, संध्याकाळ. चादरी उतरवून चौघडी घातल्या जातात. काठाला काठ.]

बासवाला पुन्हा मधोमध उभा राहतो.

[मूळ आवाज: टाळी. मागोमाग झणझण. पडदा काळा.]