अक्षर सर्वांना, अर्थ मोजक्यांना

बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधानभवनापुढे एक पुतळा उभा आहे. छातीशी बायबल धरलेली स्त्री, शेजारी लहान मूल. ही ॲन हचिन्सन. ज्या राज्याने तिला आज मानाची जागा दिली आहे, तिथल्याच वसाहतकाळातल्या न्यायालयाने 1637 साली तिला हद्दपार केलं होतं.

ॲन सुईणीचं काम करायची. रविवारच्या प्रवचनावर बोलायला तिच्या घरी बायका जमू लागल्या. मग पुरुषही येऊ लागले, बैठकीला साठ-साठ माणसं होऊ लागली. ती सांगायची, देवाची कृपा सदाचाराचा हिशेब दाखवून मिळवता येत नाही, ती थेट मिळते. आणि आपले बहुतेक पाद्री तर लोकांना हिशेबच शिकवतात.

नोव्हेंबरमध्ये खटला उभा राहिला. मुख्य प्रश्न विचारणारा आणि निकाल सुनावणारा एकच माणूस, गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप. बायबलच्या वचनाला वचनाने उत्तर देत ॲन दोन दिवस टिकून राहिली. शेवटी ती म्हणाली, देव माझ्या आत्म्याशी स्वतः बोलतो. पाखंडाचा पुरावा म्हणून न्यायालयाला एवढंच हवं होतं. शिक्षा ऐकल्यावर तिने विचारलं, मला कशासाठी हाकलता? विन्थ्रॉपचं उत्तर नोंदलेलं आहे: आता बोलू नका, कशासाठी ते न्यायालयाला ठाऊक आहे आणि न्यायालयाचं समाधान झालं आहे.

हे सगळे प्युरिटन. इंग्लंडच्या चर्चमध्ये उरलेले कॅथलिक विधी काढून टाका, असं म्हणणारे. तिकडे जाच वाढला, तेव्हा 1630 नंतरच्या दहा वर्षांत यांच्यातले सुमारे 20,000 लोक अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आले. बायबल प्रत्येकाने, बाईनेही, स्वतः वाचलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. 1636 मध्ये हार्वर्डची तरतूद झाली, आणि सर्वांना वाचता यावं म्हणून 1647 मध्ये कायदा झाला: गावात 50 कुटुंबं असतील तर लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमा, 100 असतील तर लॅटिनची शाळा काढा. त्या काळात एखाद्या सरकारने असा हुकूम काढणं ही फार मोठी गोष्ट होती.

पण वाचून कुणी वेगळा अर्थ लावला, तर त्याला जागा नव्हती. ॲनची मैत्रीण मेरी डायर क्वेकर, म्हणजे देवाचा प्रकाश प्रत्येकाच्या आत असतो असं मानणाऱ्या पंथाची, झाली. 1660 मध्ये तिला बॉस्टनमध्ये फाशी दिलं. 1692 मध्ये सेलममध्ये चेटकाच्या आरोपावरून 19 जण फासावर गेले. तिथल्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल पाच वर्षांनी भर चर्चमध्ये उभा राहिला आणि स्वतःच्या अपराधाची कबुली त्याने पाद्र्याकडून सर्वांसमोर वाचवून घेतली. स्वतःला तपासण्याची ही सवयसुद्धा प्युरिटनांचीच, आणि ती मला त्यांच्या कठोरपणाइतकीच खरी वाटते.

त्यांच्या वारसदार चर्चनी 1810 मध्ये परदेशी प्रचारासाठी अमेरिकन बोर्ड स्थापन केलं. 1813 मध्ये त्याचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले. उद्देश धर्मांतराचा होता, हे लपवायचं कारण नाही. पण ग्रंथ वाचायचा तर आधी अक्षर हवं, म्हणून इथेही त्यांनी शाळा काढल्या, मराठी पुस्तकं छापली. 1827 मध्ये न्यू हॅम्पशायरची सिंथिया फरार आली, मुंबईत आणि पुढे अहमदनगरला मुलींना शिकवू लागली. तिची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली. 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षणही नगरला फरारबाईंकडे झालं.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांकडून त्यांनी शाळेची रीत घेतली, अर्थ स्वतःचा लावला. 1873 मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि सांगितलं, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये भटजीची गरज नाही. मग सत्यशोधकांची लग्नं पुरोहितावाचून लागू लागली.