विजय हजारे : ३८७ पैकी ३०९

भारताचे एके काळचे कसोटी कर्णधार विजय हजारे यांची फोटोतली उभं राहण्याची ही तऱ्हा नीट बघा. बॅट उजव्या पायापाशी टेकवलेली नाही. दोन पॅडच्या मधे, जवळजवळ चिमटीत धरल्यासारखी आहे. पोरांना शिकवताना कुठलाही कोच आधी हेच मोडून काढेल. विजय हजारे ऑस्ट्रेलियाचा नामवंत लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट याच्या हाताखाली शिकले, तेव्हा त्यानं मात्र या स्टान्सला हात लावला नाही. शहाणा माणूस!

जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळामास्तर, भावंडांचं खटलं मोठं. त्या काळी मुंबईचं क्रिकेट धर्माच्या नावानं वाटलेलं होतं. पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन यांचे आपापले संघ. या चौघांत न बसणारे ते सगळे ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. हजारे या उरलेल्यांचे फलंदाज.

१९४३ सालची पंचरंगीची अंतिम लढत, हिंदू विरुद्ध रेस्ट, ब्रेबॉर्न स्टेडियम. हजारे आणि हिंदू संघाचे फलंदाज विजय मर्चंट यांच्यात तेव्हा विक्रमांची चढाओढ लागली होती. मर्चंटांचा २४३ धावांचा उच्चांक हजारेंनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ करून मोडला. मर्चंटांनी अंतिम सामन्यात नाबाद २५० करून तो परत घेतला. हिंदूंचा डाव ५ बाद ५८१ वर घोषित. रेस्ट सगळे बाद १३३. फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी. दुसऱ्या डावातही ५ बाद ६०.

आता खेळायला आला धाकटा भाऊ, विवेक. दोघांनी ३०० धावांची भागी केली. त्यात विवेकच्या धावा किती? २१. धावफलकावर हा आकडा केविलवाणा दिसतो, पण भाऊ तासन्‌तास दुसरं टोक धरून उभा राहिला नसता, तर पुढचं काही घडलंच नसतं. रेस्टचा डाव ३८७ वर संपला. त्यातल्या ३०९ धावा एकट्या विजय हजारेंच्या. बाकीचे दहा जण आणि अवांतर मिळून ७८.

सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

एकट्यानं झुंजायचं आणि संघानं हरायचं, हजारेंच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा झालं. महायुद्धामुळे ऐन उमेदीची वर्षं गेली. कसोटी पदार्पण झालं ते १९४६ साली, लॉर्ड्सवर, एकतिसाव्या वर्षी. पुढे जानेवारी १९४८, ॲडलेड. ऑस्ट्रेलिया ६७४. ब्रॅडमनच्या २०१, आणि त्याचा त्रिफळा उडवला तोही हजारेंनीच, कारण मध्यमगतीची गोलंदाजीही त्यांच्याच गळ्यात असायची. फलंदाजीत पहिल्या डावात ११६. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिंडवॉल सुटला होता, सात बळी घेतले त्यानं. भोपळ्यांची रांग लागली असताना हजारेंनी १४५ काढल्या. एकाच कसोटीत दोन शतकं करणारा हा पहिला भारतीय. भारत हरला, एक डाव १६ धावांनी.

१९५२, लीड्स. इंग्लंडचा कोवळा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमन पहिलीच कसोटी खेळतोय. भारताचा दुसरा डाव : शून्यावर चार बाद. फलकावर एक धाव नाही आणि चार फलंदाज तंबूत! कर्णधार हजारेंनी ५६ केल्या, दत्तू फडकरांबरोबर शतकी भागी केली आणि निदान अब्रू राखली. हरलो तिथंही.

सगळंच अपयश नव्हतं, हेही सांगायला हवं. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकरांविरुद्ध बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम श्रेणीतली ही सर्वात मोठी भागी २००६ पर्यंत, म्हणजे श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ करेपर्यंत, टिकली. आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारतानं इतिहासातली आपली पहिली कसोटी जिंकली ती हजारेंच्याच नेतृत्वाखाली. गंमत अशी, की त्या सामन्यात त्यांची बॅट फारशी बोललीच नाही. विनू मंकडनी बारा बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं ठोकली.

कर्णधारपद त्यांना मानवलं का? आमच्या मते नाही. अबोल, भिडस्त माणूस. हुकूम सोडणं स्वभावात नव्हतं. पण देशाचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच काळातला, हे टीकाकार सोयीनं विसरतात.

तीस कसोटी, २१९२ धावा, सात शतकं, सरासरी ४७.६५. १९६० मध्ये पद्मश्री. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात निधन. इंग्लंडविरुद्ध दिल्लीत नाबाद १६४ करायला ज्यांनी आठ तासांहून जास्त वेळ घेतला, त्यांचं नाव आज देशातल्या पन्नास षटकांच्या स्पर्धेच्या करंडकावर आहे.